बाईंचा उजवा हात

मी सध्या राहते त्या गावात लोक माझ्याकडे बघून हसतात. उजवीकडे वळायचं असलं की मी इंडिकेटर तर लावतेच, पण काच खाली करून उजवा हातही सबंध बाहेर काढते, कोपरात न वाकवता, तळवा पुढे करून. मागचा रिक्षावाला समजतो मी त्यालाच बोलावतेय. एकदा एक गृहस्थ खरोखरच गाडीपाशी आले आणि "काय झालं ताई?" असं विचारून गेले. आमचे हे म्हणतात, अगं, गाडीला दिवे मग कशाला दिलेत? त्यांना काय सांगायचं! ज्या बाईंनी मला गाडी शिकवली त्यांचं म्हणणं असं, की "दिवा नुसती गाडी दाखवतो. हात दिसला की आत माणूस हाय ते कळतं, आन माणूस दिसला की समोरचा थांबतो." हे खरं की खोटं ते मी कधी पडताळून पाहिलं नाही. बाईंनी सांगितलं, विषय संपला.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई नव्हेत. छत्रपती संभाजीनगरला आम्ही पडेगावात राहायचो, तिथे मागच्या गल्लीत त्यांचा ड्रायव्हिंग क्लास होता. होता म्हणजे अजून आहे, तिथे नाही ती मीच. क्लास म्हणजे एक जुनी पांढरी गाडी, दारावरची पाटी आणि बाई. साठी ओलांडलेल्या, ठेंगण्या, सुती साडीवर पुरुषी फुलशर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांच्या देवगाव रंगारीला बायका कापूस वेचताना साडीवर घालतात तसा तो शर्ट. शहरात येऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांनी तो अंगावरून उतरवला नव्हता. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "घरात कुणाला येती का गाडी?" आमच्या घराण्यात आधी भिक्षुकी झाली, मग कारकुनी, आणि मी बँकेत. चाकाला कुणी हात लावला असेल तर तो शिलाई मशीनच्या. मी खरं ते सांगून टाकलं.

"लई बेस," बाई म्हणाल्या. "म्हंजे कुणी बिघडवून नाय ठिवलेलं."

शिकवण्याची त्यांची रीत उलटी होती, अगदी शब्दशः उलटी. सुरुवातीचे कित्येक दिवस गाडी फक्त मागे न्यायची. दौलताबादच्या रस्त्याला एक मोकळं रान होतं, तिथे आम्ही माना वळवून वळवून रिव्हर्स जायचो आणि शेळ्या आमच्याकडे बघत उभ्या राहायच्या. "पुढं काय, कुणीबी जातंय. आधी मागं जायला शीक. म्हंजे कुठं अडकलीस तर रडत बसायची नायस." माझी मान इतकी धरली होती की बँकेत मी टेबलाशी तिरकी बसायचे, आणि साहेबांना वाटायचं मी त्यांच्यावर रुसलेय.

हॉर्नवर त्यांनी स्वतः विणलेलं लोकरीचं झाकण बसवलं होतं, लाल आणि हिरवं. "हॉर्न दाबला म्हंजे काय केलंस? तुझं काम दुसऱ्याला सांगितलंस. तू थांब, तू बघ." संध्याकाळच्या वेळी क्रांती चौकातून हॉर्नशिवाय गाडी काढायची म्हणजे माझ्यासारखीला दरदरून घाम फुटायचा, आणि शेजारी बाई फुटाणे खात बसलेल्या. जिवावर बेतलंच तर झाकणावरूनही हॉर्न वाजतो, हे मला फार उशिरा कळलं. मी कधी दाबूनच बघितला नव्हता.

शिकणाऱ्या सगळ्या त्यांच्या लेखी 'पोरी'. निवृत्त मुख्याध्यापिका असो की नुकतं लग्न झालेली सून. शिवाय प्रत्येकीला तिच्या चुकीवरून एक नाव. एक होती 'आरसा', कारण ती गाडीतल्या आरशात स्वतःलाच बघायची. एक 'जय भवानी', ती डोळे मिटून ॲक्सिलरेटर दाबायची. मी 'हाफ क्लच'. माझा डावा पाय धड वर नसे, धड खाली नसे. बाई म्हणत, "हिचं सगळंच हाफ क्लच हाय. भाजी घ्यायला गेली तरी अर्धा तास टमाट्याकडं बघत बसंल." हे कुणी सांगितलं असेल त्यांना, देव जाणे, पण खोटं नव्हतं.

गल्लीबोळ सोडून मुख्य रस्त्याला लागलं आणि चौक आला की बाई एकच शब्द विचारायच्या, "ठरलं?" आपण गोंधळून "बाई, जाऊ का?" असं म्हटलं की त्या सरळ खिडकीबाहेर बघायला लागत. "मला नको इचारू. स्टेरिंग कुणाच्या हातात हाय?" मागे वाहनांची रांग लागलेली, लोक ओरडताहेत, आणि बाईंना चौकातल्या झाडाचं कौतुक. शेवटी जे होईल ते होईल म्हणून आपण निघायचो. घरी आल्यावर मी ह्यांना सांगायचे, उद्यापासून मी नाही जायची. दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधीच जाऊन उभी.

स्वतः बाई गाडी शिकल्या ट्रॅक्टरवर, वडिलांच्या. आणि त्यांची खरी टेस्ट झाली ती स्वतःच्या लग्नात. वऱ्हाडाचा टेम्पो घेऊन आलेला ड्रायव्हर जेवणानंतर असा काही झिंगला की त्याला उठवेना. दोन्हीकडचे पुरुष एकमेकांकडे बघत उभे. मग नवरी उठली, मुंडावळ्या कानामागे सारल्या, शालू वर खोचला आणि टेम्पोत चढून बसली. नवरा शेजारी, वऱ्हाड मागे. सासरच्या दारात टेम्पो लावला तेव्हा सासरे इतकंच म्हणाले, "सून आणायला गेलतो, ड्रायव्हर घेऊन आलो." बाई ही गोष्ट सांगायच्या तेव्हा सासऱ्यांचा आवाज काढून सांगायच्या आणि हसून त्यांना ठसका लागायचा. पुढे नवरा लवकर गेला. मुलगा लहान होता. त्या सासऱ्यांनीच जुनी गाडी घेऊन दिली आणि म्हणाले, लोकांस्नी शिकीव.

आता बाईंच्या उजव्या हाताविषयी. शिकवणीच्या गाडीत डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो, शिकवणाऱ्यासाठी. पाय तर तिथे असतातच, पण स्टेरिंग एकच असतं आणि ते शिकणाऱ्याच्या पुढे. म्हणजे पोरगी घाबरून डिव्हायडरवर निघाली तर डावीकडे बसलेल्या माणसाला उजव्या हातानं स्टेरिंग धरून गाडी सरळ करावी लागते. बाईंचा हात कसा जायचा, कधी जायचा, ते कळायचं नाही. बोलता बोलता, फुटाणा तोंडात टाकता टाकता तो स्टेरिंगवर असायचा, आणि आपलं लक्ष जाईपर्यंत परत मांडीवर. आरडाओरडा नाही, काही नाही. तो हात शेजारी आहे म्हणून आम्ही सगळ्या रस्त्यावर यायचं धाडस करत होतो, हे आम्हाला ठाऊक होतं आणि बाईंनाही.

एका सकाळी मी गेले तर बाई गाडीला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "हाफ क्लच, आज क्लास दवाखान्याच्या रस्त्यानं. छातीत गाठ लागतीय मला. उजवीकडं." शर्टाचं बटण तुटलंय हे ज्या आवाजात सांगावं त्या आवाजात सांगितलं. लायसन्स मला तेव्हा मिळालेलं होतं, पण ते पाकिटात. बाई शेजारी नसताना मी पडेगावच्या बाहेर गाडी नेली नव्हती.

पुढच्या तपासण्या भराभर झाल्या. कॅन्सरच निघाला. उजव्या बाजूचा स्तन काढायचं ठरलं, आणि त्या वेळी बाईंनी जराही खळखळ केली नाही. भेटायला येणाऱ्या बायका पदर डोळ्याला लावायच्या, तर बाईच त्यांची समजूत घालायच्या. "पोरगं पाजून झालं, त्याचं काम सरलं. आता गेलं तर जाऊ दे." ऑपरेशनच्या वेळीच डॉक्टरांनी निळं औषध टोचून काखेतल्या पहिल्या एक-दोन गाठी शोधून काढल्या आणि तपासायला पाठवल्या. या गाठी सगळ्यांनाच असतात, रोगाच्या नव्हेत, शरीराच्याच. छातीतला आजार बाहेर पडला तर आधी तिथे पोचतो, म्हणून त्या बघायच्या. त्यातल्या एकीत आजार सापडला.

रिपोर्ट ऐकायला आम्ही दोघी गेलो. म्हणजे बाई आत गेल्या आणि मी गाडी लावत बसले. दोन गाड्यांच्या मधे गाडी लावणं हा माझा अर्ध्या तासाचा कार्यक्रम असतो. मी वर पोचेपर्यंत बाई बाहेर येऊन उभ्या. उजवा हात अजून अंगाला धरलेला, चेहरा लालबुंद.

"काय म्हणाल्या डॉक्टर?"

"काय म्हणती! दोन उपाय हायेत, तुमीच ठरवा म्हणती. मी म्हणलं, तुमी डॉक्टर ना? मला काय इचारता? तर हसती नुसती."

मला हसू आवरेना. चौकात आम्हाला वाऱ्यावर सोडून झाडाकडे बघणाऱ्या बाईंना शेवटी कुणीतरी स्टेरिंगवर बसवलं होतं. बाईंच्या ते ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी मुकाट्यानं जिना उतरले.

गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "ठरलं माझं. काखंतल्या बाकीच्या गाठी कापून काढायच्या. परत ऑपरेशन."

"आणि दुसरा उपाय?"

"त्यात काय दम नाय. घरगुती काम हाय ते."

मी पुढे विचारलं नाही. मुलाचा पुण्याहून फोन आला, तोही म्हणाला, बरोबर आहे आई, एकदाच कापून मोकळी हो, आणि आता तो क्लास बंद कर. क्लासचं नाव निघाल्यावर बाईंनी फोन माझ्या हातात दिला. त्या दिवसापासून त्या हळूहळू गप्प होत गेल्या. डॉक्टरांनी ऑपरेशननंतर हात सुजू शकतो असं सांगितलं होतं, एवढंच त्या एकदा बोलल्या. अंगणात बसून उजवा हात डाव्या हातात धरून बघत बसायच्या. स्तन जाताना न रडलेली बाई हाताकडे अशी बघते, हे मला बघवत नव्हतं.

दुसऱ्या ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांसाठी आम्ही पुन्हा गेलो. बाकावर आमच्या शेजारी एक बाई बसली होती, रोजाबागेकडची, बुरखा मागे टाकलेला, हातात पेढ्यांचा पुडा. तिनं आम्हाला पेढा दिला. "आज मेरा सेक खतम हुआ, अम्मा. मुँह मीठा करो." गळ्याजवळची कातडी उन्हानं रापावी तशी काळवंडली होती. बाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं आणि कळवळून म्हणाल्या, "अगं, एवढं भाजून घेतलंस? पाणी लई गरम घेतलं व्हय पिशवीत?"

"कौनसी पिशवी?"

"शेकायची. रबराची."

ती बाई आधी बघतच राहिली आणि मग तोंडावर हात ठेवून अशी हसली की पेढे सांडायची वेळ आली. "अय्यो अम्मा! पानी का सेक नक्को समझो. बिजली का सेक है. इत्ती बडी मशीन, पूरे कमरे जित्ती. अंदर अकेले लेटने का, मोटा दरवाजा बंद करते. डॉक्टरां बाहर से टीवी पे देखते. गरम कुछ नै लगता, बस किरणां जाते अंदर. हौ, पैले मेरेकू भी ऐसाइच लगा था."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी बाईंकडे. मला हळूहळू उलगडा होत गेला. डॉक्टरांनी सांगितलेला दुसरा उपाय शेक होता. पेशंटला समजावं म्हणून दवाखान्यात सगळेच शेक म्हणतात, आणि बाईंना शेक म्हणजे एकच माहीत होता. बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवून देतात तो, नाहीतर कंबर धरल्यावर घ्यायचा. कॅन्सरला शेक सांगते म्हणजे ही डॉक्टर पोरगी आपल्याला म्हातारी समजून चुचकारतेय, असं त्यांना वाटलं होतं. खरा उपाय तो ऑपरेशनच, असं समजून त्या आपला हात धोक्यात घालायला निघाल्या होत्या, आणि तेवढ्यासाठी अंगणात बसून त्या हाताचा निरोप घेत होत्या.

"पोरी, ऊठ," बाई म्हणाल्या. "मला डॉक्टरीणबाईकडं जायचंय." आणि उठता उठता रोजाबागेच्या बाईचा पुडा हातात घेऊन त्यांनी आणखी एक पेढा तोंडात टाकला.

डॉक्टर तरुण होत्या, शांत होत्या. बाईंनी शेगडीचा सगळा घोटाळा स्वतःच सांगून टाकला, काही लपवलं नाही. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं. काखेतल्या गाठी हातातलं पाणी गाळून पुढे पाठवतात. सगळ्या काढल्या की ते पाणी तुंबू शकतं, हात सुजू शकतो, दंडाला बधिरपणा येतो. शेक म्हणजे किरण दिले तर गाठी जागेवरच राहतात आणि आतला आजार मारला जातो. सूज त्यातही येऊ शकते, पण ऑपरेशनपेक्षा कमी जणींना येते. खांदा मात्र दोन्हींत आखडू शकतो. आजार परत येऊ नये म्हणून दोन्ही उपाय जवळपास सारखेच. ऑपरेशन एकदाच होतं. शेकाला सुट्टीचे वार सोडून रोज यावं लागेल, काही आठवडे. कातडी काळवंडेल, थकवा येईल. "म्हणून तुम्हाला ठरवा म्हटलं, मावशी. तुमचा हात काय काम करतो, रोज यायला जमेल की नाही, हे मला कसं कळणार?"

"शेक घेतला तर हात चांगला राहील, असं लिहून देता?"

"नाही देत," डॉक्टर म्हणाल्या. "कुणालाच देत नाही."

बाईंनी मान हलवली. हे उत्तर त्यांना आवडलेलं दिसलं. मी मधेच तोंड घातलं, "डॉक्टर, तुमची आई असती तर तुम्ही काय सांगितलं असतं?" हा प्रश्न सगळेच विचारतात म्हणून मीही विचारला. बाई माझ्यावर उखडल्या. "हिच्या आईला गाडी चालवता येती का?"

डॉक्टर म्हणाल्या, "नाही येत."

"मग तिच्या आईचं काय घेऊन बसलीस? हात माझा हाय." आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "मी खाली गाडीत बसून ठरवते. थांबा तुमी."

खाली येऊन बाई डावीकडच्या सीटवर बसल्या, मला ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि म्हणाल्या, "स्टेरिंग धर." मग त्यांनी उजवा हात उचलला. जखम ओली होती, खांदा धरलेला होता. हात हळूहळू, ओठ दाबत, माझ्या दिशेनं आला. बोटं स्टेरिंगला नुसती टेकली, धरता काही येईना. कपाळावर घाम आला. बराच वेळ त्यांनी बोटं तशीच ठेवली.

"एवढा येतोय," त्या म्हणाल्या. "हा आनखी मागं जायला नको मला. शेक घ्यायचा."

मुलाला फोन केला. तो चिडला. अगं, इतके आठवडे रोज? तुला कोण नेणार? तुला आता हात काय करायचाय, जीव महत्त्वाचा. त्याचं प्रेमच बोलत होतं, मला कळत होतं. बाई म्हणाल्या, "जीवाला दोन्ही सारखं हाय, मी नीट इचारलंय. आन जीव काय नुसता डब्यात घालून ठिवायचा हाय?" मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हाफ क्लच नेईल मला."

मला कुणी विचारलं नव्हतं. पण त्या क्षणी मला जो अभिमान वाटला तो मला बँकेतल्या कुठल्या बढतीनं दिला नाही.

शेक लगेच सुरू झाला नाही. यंत्राखाली हात डोक्यावर घेऊन निश्चल पडून राहावं लागतं, आणि बाईंचा हात कानापर्यंतही जाईना. व्यायाम शिकवून घरी पाठवलं. भिंतीपाशी उभं राहून बोटांनी मुंगीसारखं वर वर चढायचं. मी संध्याकाळी जायचे तेव्हा बाई भिंतीशी उभ्या आणि हाताला शिकवणं चाललेलं. "चल गं. झटका नको मारू. क्लच हळू सोड. व्हय, अशी. आता थांब तिथंच, मागं नको येऊ." हात थरथरायचा, डोळ्यांतून पाणी यायचं, पण त्यांनी हाताला एकदाही वाईट नाव ठेवलं नाही. आम्हाला ठेवली होती. ज्या दिवशी हात डोक्यावर गेला त्या दिवशी बाईंनी मला शेजारपाजारच्या बायकांना बोलावून आणायला सांगितलं, आणि सगळ्यांच्या देखत हात वर करून दाखवला. नंतर सगळ्यांना चहा दिला, डाव्या हातानं.

मग ते रोजचं जाणं सुरू झालं. पडेगावातून निघायचं, छावणीवरून, क्रांती चौकातून दवाखान्यात. पहिल्या दिवशी गाडीत बसल्यावर बाई म्हणाल्या, "एक ध्यानात ठिव. आजून शेजारी माझा हात नाय. पाय हायेत, पण हात नाय." त्या दिवशी मी दोनदा गाडी बंद पाडली आणि त्यांनी चारपाचदा तरी ब्रेक मारला. छातीवर आणि काखेपाशी शाईच्या खुणा केलेल्या असायच्या, त्या पुसू द्यायच्या नसत. बाई त्यांना 'पार्किंगचे पट्टे' म्हणायच्या. "त्या मशीनला बी पट्ट्यातच लावावं लागतंय, तुझ्यासारखं नाय." आत यंत्राखाली त्या इतक्या निश्चल पडायच्या की तिथल्या मुली म्हणायच्या, मावशी, श्वास तरी घ्या.

दिवस गेले तशी कातडी काळी पडली, थकवा आला. परतताना त्या डोळे मिटून बसायच्या. एक दिवस क्रांती चौकात मी नेहमीप्रमाणे मनातल्या मनात देवाचं नाव घेत गाडी काढली, वळले, पुढे आले, आणि शेजारी बघितलं. बाईंनी बूट काढले होते आणि सीटवर मांडी घातली होती. ब्रेकवर पाय नव्हता. खालचे दोन्ही पेडल रिकामे. गाडी भर रहदारीतून चालली होती, चालवत मी होते, आणि ज्यांनी निम्म्या शहराला गाडी शिकवली त्या बाई मांडी घालून फुटाणे खात होत्या. मला रडू यायला लागलं. "रडू नको," बाई म्हणाल्या, "पुढचं दिसणार नाय." त्यानंतर मला त्यांनी हाफ क्लच म्हटलं नाही. नवीन नावही दिलं नाही. मला ते नसणंच फार आवडलं.

शेक संपला, गोळ्या सुरू राहिल्या, तब्येत सावरली आणि बाईंनी क्लास पुन्हा उघडला. मुलगा पुण्याहून येऊन भांडून गेला. पोरी परत रानात मागे मागे जायला लागल्या.

माझी बदली व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. बाईंच्या उजव्या हातात बांगड्या चढेनात. दवाखान्यात दाखवलं. सूज होती, थोडी, पण होती. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी मालिश करायला शिकवलं आणि मनगटापासून दंडापर्यंत घालायचा एक घट्ट मोजा दिला. बाईंनी शर्टाची उजवी बाही मुद्दाम वर दुमडली, मोजा सगळ्यांना दिसेल अशी. मी हळहळले. मनात आलं, एवढं करून हे व्हायला नको होतं. बाईंना विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

ते धाडस मुलानं केलं. बाई नव्या पोरीला घेऊन छावणीच्या रस्त्यानं निघाल्या होत्या आणि मी सहज म्हणून मागे बसले होते. फोन आला, पुढे डॅशबोर्डवर ठेवून बाईंनी तो स्पीकरवर घेतला. मोज्याचं त्याला कळलं होतं. "बघ आई, तरी मी म्हणत होतो. इतके आठवडे रोज खेपा घातल्यास आणि शेवटी हात सुजलाच. मग काय उपयोग झाला तुझ्या ठरवण्याचा?"

नवी पोरगी फोनकडे बघायला लागली आणि गाडी दुभाजकाकडे सरकली. मी ओरडणार, तोवर मोजा घातलेला तो जाडसर हात गेला, स्टेरिंग धरलं, गाडी सरळ केली आणि परत मांडीवर येऊन बसला. पोरीला कळलंसुद्धा नाही.

"ऑपरेशन केलं असतं तर सुजला नसता, असं कोण म्हणतंय?" बाई शांतपणे म्हणाल्या. "आन शेक घेतला म्हणून सुजणार नाय, असंबी मला कुणी सांगितलं नव्हतं. तवा जेवढं कळत व्हतं तेवढं सगळं इचारून घेतलं, आन मी ठरवलं."

"पण आई, हात तर..."

"हात सुजलाय रे," बाई म्हणाल्या. "मी नाय चुकले."